भालाफेकीचा सोळावा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, पुण्याच्या बहिणीलाही नाही – आणि तिला तर मी साधी सर्दी झाली तरी फोन करते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर लगेच म्हणाला असतात, "जाऊ दे गं, एवढंसं तर आहे." आणि तेच मला ऐकायचं नाही.

एवढंसं नाहीये ते.

आधी मी कोण, ते उरकते. बावीस वर्षं जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये राहते. विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत सामानाची नोंद ठेवते – काचेची भांडी, हातमोजे, रसायनं, काय आलं, काय संपलं. घरीही तेच. फ्रिजच्या दारावर यादी, पर्समध्ये यादी, सुट्टीला निघताना बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी. प्रकाश, माझा नवरा, म्हणतो, "तू वर गेलीस ना, की चित्रगुप्ताची वही तपासायला मागशील." मागेन. त्यात हसण्यासारखं काय आहे?

पण एक गोष्ट प्रकाशलाही माहीत नाही. मी यादीवर खूण आधी करते आणि काम नंतर. खुर्चीवरून उठता उठताच टिक करते. कारण मी करणार म्हटलं की ते झालेलंच असतं. कधी राहिलं का? कधीच नाही – एकदा सोडून.

मुलगी इथल्या क्लबात पळायची, तेव्हापासून मी शर्यतींच्या दिवशी मदतीला जाते. मुलीने पळणं सोडलं, मी जाणं सोडलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरात युरोपातल्या देशांची सांघिक मैदानी स्पर्धा झाली. तिची पद्धत अशी, की प्रत्येक प्रकारात देशाचा एकच खेळाडू. त्याचे गुण देशाला मिळतात. सगळ्या गुणांची बेरीज होते आणि तळाचे देश खालच्या गटात ढकलले जातात. म्हणजे एक खेळाडू उभाच राहिला नाही, तर त्या प्रकारात त्या देशाला शून्य. मोठ्या देशांना ते चालून जातं. लहान देशाची दोन वर्षांची मेहनत त्यात जाते.

माझी नेमणूक होती कॉल रूममध्ये. मैदानात जाण्याआधी खेळाडूंनी ठरलेल्या वेळी तिथे हजर व्हायचं. आम्ही छातीवरचा नंबर तपासायचा, बुटांचे खिळे मोजायचे, आणि वेळ झाली की दार बंद. नंतर येईल त्याला आत घेत नाहीत. मला ते दार बंद करायला आवडायचं – खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळाचा इशारा आला. महिलांची भालाफेक चाळीस मिनिटं अलीकडे ओढली. कॉल रूमची प्रमुख हाइडरून, निवृत्त पी.टी. शिक्षिका, माझी मैत्रीण. तिने मला नव्या वेळेचे सोळा कागद दिले. सरावाच्या मैदानाजवळ तंबूत प्रत्येक संघाची एक पेटी होती, त्यात ते टाकायचे. बदल फोनवरही जातात, पण तिथे नियम असा होता की पेटीतला कागद खरा. मी प्रिंटरपाशीच सोळाच्या सोळा देशांपुढे खुणा केल्या आणि निघाले. अर्ध्या पेट्या झाल्या असतील, तेवढ्यात रिलेच्या एका मुलीचा नंबर निघून आला. तिला पिना दिल्या, तो नीट लावून दिला, परत आले, उरलेले कागद टाकले.

पंधराजणी आल्या. मी दार लावलं.

सोळावी आली तेव्हा दार लावून बराच वेळ झाला होता. तिच्या हिशेबाने ती पाच मिनिटं लवकर आली होती. हातात बूट, केसांची घट्ट वेणी. तिच्यामागून धापा टाकत त्यांचे व्यवस्थापक आले. सत्तरीला टेकलेले गृहस्थ, त्या उकाड्यात कोट घातलेला. लहान देश – नाव लिहीत नाही – त्यामुळे सगळं तेच एकटे बघायचे. बॅगा तेच उचलायचे, मुलींना फळं कापून तेच द्यायचे. सकाळी मलाही कागदाच्या पुडीत चेरी देऊन गेले होते. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायला लागले होते.

काका म्हणाले, कागद मिळाला नाही.

हाइडरूनने माझ्याकडे पाहिलं. "वैशाली, दिलास ना?"

मी यादी पुढे केली. खूण होती.

"गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "वैशालीची खूण आहे म्हणजे कागद गेलाय. तिचं चुकत नाही."

आणि यादी मागे घेताना क्लिपबोर्डवर तिच्याखाली मला एका कागदाची कड दिसली. उचलून बघायची गरजच नव्हती. मला कळलं.

भिंतीवर घड्याळ होतं. पहिल्या फेकीला नऊ मिनिटं होती. मी तोंड उघडलं असतं, तर चूक आमची म्हणून पंचांनी तिला पळवत मैदानात नेलं असतं. कुणीतरी डोळे फिरवले असते, हाइडरून "आल्झो, वैशाली!" म्हणत रागावली असती, आणि संपलं असतं. नऊ मिनिटं – कमी होती का? भरपूर होती.

गप्प बसले असते तर निदान नुसती भित्री ठरले असते. पण मी गप्पही बसले नाही. मला पुढे कुणी काही विचारलंच नव्हतं, खूण पुरेशी होती. तरी मी म्हणाले, "पेटीतही टाकला नाही मी. यांच्या हातात दिला. यांनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला."

खिसा कुठून आला? सुचला, असं म्हणणार नाही. बावीस वर्षं नोंदी करतेय. कोणत्या नोंदीवर माणसं विश्वास ठेवतात हे मला नेमकं ठाऊक आहे. बारीक तपशील असला की कुणी शंका घेत नाही.

काकांनी आतल्या खिशात हात घातला. सगळ्यांसमोर. चष्म्याचं घर निघालं, रुमाल निघाला, कंगवा निघाला. मग दुसरा खिसा. मग पुन्हा पहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माफ करा."

मला म्हणाले.

ती मुलगी त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलली. काय ते मला कळलं नाही. काकांची मान खाली गेली. संध्याकाळी त्यांचा देश खालच्या गटात गेला, आणि फरक एका भालाफेकीत भरून निघेल एवढाच होता. मी तो सोळावा कागद चार तुकडे करून कागदाच्या डब्यात टाकला. कुठल्या डब्यात काय टाकायचं, ते तेव्हाही चुकले नाही.

आता तुम्ही माझ्यासाठी सबबी शोधत असाल. परक्या देशातली बाई, त्या खोलीतली एकटी सावळी, एक चूक झाली तर काय म्हणतील ही धास्ती – हो ना? ठेवा तुमच्यापाशी. हाइडरून माझ्या घरी पुरणपोळी खाऊन जाते आणि डबा भरूनही नेते. मला तिथे कुणी खाणार नव्हतं. दमलेही नव्हते, गोंधळलेही नव्हते. एका पारड्यात त्या मुलीची फेक होती, दुसऱ्यात माझी यादी. मी यादी उचलली. शुद्धीत उचलली.

आणि मी ते काम सोडलंही नाही. पुढच्या स्पर्धेला सकाळी सर्वांच्या आधी हजर होते, अजूनही असते. कबुली दिली म्हणजे माणसाने काहीतरी सोडायला हवं, असं कुणी ठरवलं? मी त्या कामात चांगली आहे. हल्ली खूण काम झाल्यावर करते. त्याने काय झालं? काही नाही.

इथवरच असतं, तर कदाचित मी लिहिलंही नसतं.

गेल्या उन्हाळ्यात रेगेन्सबर्गला एक छोटी स्पर्धा होती, तिथे मदतीला गेले होते. काका प्रेक्षकांत होते. त्यांनीच मला ओळखलं, कठड्यापाशी आले. बारीक झाले होते. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, त्याच वर्षी संघाचं काम सोडलं. काढलं नाही कुणी, स्वतःहून सोडलं.

"कारण तो कागद मला आठवत नाही," ते म्हणाले. "अजिबात आठवत नाही. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. पण हातात दिलेली, खिशात ठेवलेली गोष्ट जर मला आठवत नसेल, तर मी पोरींचे पासपोर्ट कसे सांभाळू? गाडीसुद्धा चालवत नाही आता. नातवंडं मागे बसलेली असतात."

हे सांगताना ते हसत होते. मग फार अदबीने विचारलं, "तुमची खात्री आहे ना? मीच होतो? कोट घातलेला दुसरा कुणी नसेल?"

ऐकलंत? त्यांनी स्वतःच मला वाट काढून दिली होती. खरं बोलायचीही गरज नव्हती. "कोण जाणे, असेलही दुसरा कुणी," एवढं म्हटलं असतं तरी त्या माणसाने घरी जाऊन गाडीची किल्ली हातात घेतली असती.

"तुम्हीच होतात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझे आभार मानले.

त्यांचा पत्ता मिळवणं मला अवघड नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. एक पत्र, एक पाकीट, एक तिकीट. गेलं वर्षभर मी ते केलेलं नाही, आणि वेळ मिळाला नाही असं मी म्हणणार नाही.

त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे. त्यांना कागद आठवत नाही, कारण तो त्यांना मिळालाच नव्हता. हे मला माहीत आहे आणि आता तुम्हाला. त्यांना नाही.