लांडग्याची दाढी

शेवंती, झेंडू, सूर्यफूल अशा देखण्या घराण्यात लांडगा नावाचं एक रानटी रोपटं जन्माला आलं आणि घराण्याचं नाव घालवून बसलं. फूल असं की कुणी वळून बघू नये. आणि फळाचं काटेरी बोंड असं की एकदा कपड्याला चिकटलं, की हट्टी पाहुण्यासारखं हलायचं नाव नको.

नाट्यगृहामागच्या पडीक जागेत हा लांडगा माजला होता, आणि कपडेपट सांभाळणारे काका रोज तिथूनच आडवाटेने यायचे. तरुणपणी ते नट व्हायला आले होते. भालदाराचं एकच वाक्य मिळालं, तेही घशात अडकलं. तेव्हा हातात इस्त्री आली ती आलीच. घरी काकू त्यांच्या सदऱ्यावरची बोंडं उपटत करवादायच्या, "लोक बायकोला फुलं आणतात. आमच्या नशिबी काटे!"

त्या दुपारी नाटक कंपनीच्या मालकांनी दम भरला होता. "काल भर दरबारात राजाची दाढी गळली. आज पडली, तर काका, तुम्ही घरी!"

आणि शेवटच्या अंकाआधी काकांच्याच कोपराने दाढी चिकटवायच्या डिंकाची बाटली लवंडली.

"काका, करा काहीतरी!" विंगेत भुंड्या हनुवटीचा राजा कळवळला.

काकांना दरदरून घाम फुटला. तो पुसायला बाही उचलली, तर गालाला काटा बोचला. काकांचा चेहरा उजळला! बाहीवरची बोंडं काढून त्यांनी दाढी राजाच्या केसांच्या टोपाच्या कल्ल्यांना अडकवली. राजाने मान झटकली, गर्जना केली. दाढी ढिम्म!

पुढे वनवासातून परतलेल्या राणीला राजाने कवटाळलं. जरा जास्तच. सुटताना ओढाताण झाली, आणि बोंडांसकट दाढी राणीच्या अंबाड्याला लोंबकळू लागली. काकांनी डोळे मिटले.

राजा मुरलेला गडी. गुळगुळीत गालावरून हात फिरवत म्हणाला, "राणी, तुझ्या एका मिठीत माझं म्हातारपण गळालं!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

मालक तरातरा आत आले. "काका, दाढी पडली!"

"पडली कुठे, मालक? राणीसाहेबांकडे आहे."

मालकांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. "उद्याही तिथेच जाऊ द्या."

घरी काकूंनी सदरा उलटसुलट केला. "आज एकही बोंड नाही?"

"सगळी राणीच्या केसांत राहिली," काका हरखून म्हणाले.

काकूंचा हात थांबला. "तुमची बाही तिथवर पोचली कशी?"

नोकरी वाचली होती. जेवणाचं मात्र काही खरं नव्हतं.