विहिरीची चावी

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्या नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत विहिरीतून खोटं पाणी काढलं. पाणी खोटं कसं असेल, असं कुणी विचारील. असतं. मी स्वतः भरलं होतं.

आम्ही अंधेरीतले. म्हणजे मेट्रो आणि मॉल यायच्या कितीतरी आधीपासूनचे. आमच्या गावठाणाला आता चारी बाजूंनी टॉवरनी घेरलंय, पण आत शिरलात की अजून कौलारू घरं आहेत, दारावर क्रूस आहे आणि घरात बोलणं मराठीत आहे. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आला की जरा गोंधळतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे उंबराचं पाणी आणतात. बँड वाजवत, गाणी म्हणत सगळं गणगोत विहिरीवर जातं, पाणी काढून घरी आणतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी त्याच पाण्याने अंघोळ करून चर्चला निघते. बऱ्याच गावठाणांतल्या विहिरी बुजल्या. तिथले लोक नळाखाली हंडा धरतात आणि बँड तेवढा वाजवतात. आमची विहीर टिकली ती माझ्या धाकट्या भावामुळे.

लग्नांचे दिवस सुरू व्हायच्या आधी तो दर वर्षी पंप लावून विहीर उपसायचा, स्वतः आत उतरून गाळ काढायचा आणि कमरेपर्यंत चिखलाने माखून वर यायचा. त्या विहिरीचं पाणी किंचित मचूळ. त्याचं त्याला कोण कौतुक. चहा बिघडला तरी म्हणायचा, "आपल्या विहिरीची चव आहे रे ती." विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, आणि चावी कायम त्याच्या स्कूटरच्या चावीबरोबर अडकवलेली. तो अचानक गेला. चाळिसाव्या दिवसाच्या चर्चमधल्या मिस्सानंतर गावातल्या म्हाताऱ्यांनी ती चावी माझ्या हातात ठेवली. थोरला भाऊ म्हणून. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणालो, "विहिरीची काळजी सोडा." उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे लाज नीट समजेल. पवईच्या एका कंपनीत मी नव्या मुलांना प्रशिक्षण देतो. विषय असतो, स्वतःचं नेतृत्व स्वतः कसं करावं. पहिल्याच तासाला मी फळ्यावर 'कारण' असं लिहितो आणि त्यावर फुली मारतो. कारणं सांगणारा माणूस कधी पुढे जात नाही, जो म्हणतो 'हे माझं काम होतं' तोच जातो, वगैरे. मुलं लिहून घेतात. मला टाळ्या आवडतात हे खरं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण माझी बायको त्या विषयाबद्दल वारंवार वापरायची आणि मी दर वेळी चिडायचो.

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्याकडे आली. तिला बाप नव्हता, मी होतो. हॉल, जेवण, कपडे, सगळं तिने आणि तिच्या आईने ठरवलं होतं. मला म्हणाली, "काका, मला तुझ्याकडून बाकी काही नको. पाणी फक्त बाबांच्या विहिरीचं पाहिजे."

"माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"नक्की ना? साफ करावी लागेल."

"अगं, सोड म्हटलं ना."

त्यानंतर कित्येक महिने मिळाले. विहीर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण दर रविवारी काहीतरी निघायचं. कधी पंपवाला फोन उचलत नाही, कधी माझी कंबर, कधी बाजूच्या इमारतीचं बांधकाम चालू म्हणून उगाच धूळ कशाला खायची. खरं सांगायचं तर मला ती जाळी उघडायचीच नव्हती. भावाचा दोर अजून तिथेच कप्पीवर होता. तो बघायला नको वाटायचं. हेही कारणच म्हणा, आणि सगळ्यांत साळसूद कारण. त्याच्या मुलीला मात्र तो दोर बघायचा होता.

लग्नाच्या आदल्या दुपारी मांडवात बायका फुगे, म्हणजे आमचे लग्नातले गोल तळलेले पाव, तळत होत्या, आणि मी चावी घेऊन विहिरीवर गेलो. कुलूप गंजलेलं. तेल घालून उघडलं आणि आत वाकून पाहिलं. पाणी दिसतच नव्हतं. वर प्लॅस्टिकच्या पिशव्या, कबुतरांची पिसं आणि बाजूच्या बांधकामावरून वाहत आलेल्या सिमेंटचा राखाडी थर. एक बादली काढून पाहिली. वास आला आणि मी ती परत आत ओतली. माझी पाचावर धारण बसली.

तेव्हा सरळ जाऊन भावजयीला सांगायला हवं होतं. तिने दोन शब्द सुनावले असते, नळाचं पाणी घेतलं असतं, संपलं असतं. मी काय केलं? घरी जाऊन पाण्याचा विकतचा जार आणला. विहिरीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला उतरायला लोखंडी कड्या आहेत. भावाची तांब्याची कळशी त्या जारच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि कप्पीच्या दोराने बांधून आतल्या कडीला अडकवून ठेवली, वरून दिसणार नाही इतकी खाली. मला आठवतं, काम झाल्यावर मला हुशार वाटलं होतं. ते हुशार वाटणं आठवलं की अजून मान खाली जाते.

संध्याकाळी बँड आला. बायका लुगडी नेसून गात निघाल्या, पुतणीची धर्ममाता, म्हणजे गॉडमदर, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन पुढे. घरातला थोरला म्हणून पाणी काढायचा मान माझा. आत काळोख होता; मी वाकून कळशी कडीवरून सोडवली, दोर थोडा सैल सोडला, हलवला, पाण्यात काही बुडवतोय असा चेहरा केला आणि वर ओढली. भरलेली, स्वच्छ, लखलखीत. बँडवाल्याने जोर लावला. मी ती एक थेंब न सांडता हंड्यात ओतली.

पुतणी पुढे झाली. तिने ओंजळ धरली. मी थोडं पाणी दिलं आणि ती प्यायली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "गोड आहे," ती म्हणाली.

तिचा सूर मला कळला. बाकी कुणाला कळला नाही. बाजूला उभ्या असलेल्या आमच्या चुलत आत्याने ते ऐकलं, ओंजळ पुढे केली, चाखलं आणि तिला रडूच फुटलं. "पोरीच्या लग्नाला बापाने पाणी गोड करून दिलं बघा," ती म्हणाली. बघता बघता सगळ्यांना चव घ्यायची होती. ज्यांनी ते मचूळ पाणी जन्मभर पिऊन तोंडं वाकडी केली होती ते मान डोलवू लागले. कुणी क्रूसाची खूण केली. मी "पुरे, पुरे, अंघोळीला राहू दे," म्हणत जाळी लावली आणि कुलूप घातलं. लोकांना वाटलं माझेही डोळे भरून आलेत. आले होते, पण भीतीने.

भावजय हंडा झाकताना एवढंच म्हणाली, "दादा, तुम्ही साफ केलीत कधी? मला पंपाचा आवाज नाही आला."

"सकाळी लवकर," मी म्हणालो. म्हणजे एक खोटं पुरलं नाही.

सकाळी मांडवात आलो तर चुलत आत्या रिकामी बाटली घेऊन उभी. तिच्या नवऱ्याची किडनी गेलेली, आठवड्यात ठरलेल्या वारी डायलिसिसला न्यावं लागतं. तो दिवस त्याच्या डायलिसिसचा होता. ती म्हणाली, "चावी दे रे जरा. त्याला आज त्या मशीनवर नाही नेत. थकलाय तो, रडतो सुईला. हे पाणी देऊन बघते. पोरीच्या बापाने नवस ऐकल्यासारखं दिलंय."

"आत्या, डायलिसिस नको चुकवू," मी म्हणालो.

"एक दिवसाने काय होतंय? तू चावी दे."

मी खिशातली चावी मुठीत धरून उभा राहिलो. सुटायचे रस्ते होते. चावी हरवली म्हणता आलं असतं. हंड्यातलं जारचं पाणी बाटलीत भरून देता आलं असतं, ते निदान स्वच्छ होतं. पण ती नवऱ्याला घरी ठेवणार होती आणि त्याच्यावर माझा चमत्कार करून बघणार होती. पुतणी तिथेच खुर्चीत बसली होती, केस अर्धे विंचरलेले. भावजय हंड्याजवळ. फुगे तळणाऱ्या बायका. सगळ्यांना ऐकू जाईल इतकं अंतर.

"आत्या, ते पाणी विहिरीचं नव्हतं," मी म्हणालो. आणि लगेच पुढचं वाक्य तोंडातून आलं ते असं : "त्या बिल्डरने सगळी वाट लावली विहिरीची. सिमेंट सोडलंय आत."

इतकी वर्षं फळ्यावर फुली मारली, आणि तोंडातून काय निघालं तर कारण.

पुतणीने फणी बाजूला ठेवली. "काका, तू विहिरीवर शेवटचा कधी गेला होतास?"

"काल दुपारी."

"त्याच्या आधी?"

कढईतल्या तेलाचा आवाज तेवढा येत होता. "तुझे बाबा गेल्यापासून नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही. पाणी जारचं होतं. कळशी मी आधीच आत लटकवून ठेवली होती. बिल्डरने घाण केली, पण मी बघत असतो तर केलीच नसती. मीच केलं हे."

मला वाटलं होतं, खरं बोललं की छाती हलकी होईल. आम्ही तसं शिकवतो. काही हलकं झालं नाही. धर्ममातेने तोंड फिरवलं. आत्या बाटलीचं झाकण लावत राहिली, लावलेलं उघडून पुन्हा लावत. मग म्हणाली, "मी सगळ्यांना फोन केले रे रात्री." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याला मात्र ती वेळेवर घेऊन गेली. लग्नाला पोहोचली ती उशिरा, आणि मला ओलांडून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

पुतणी उठली आणि तशीच विहिरीवर आली. मी जाळी उघडली. ती वाकून बराच वेळ आत बघत राहिली. मी म्हणालो, "माफ कर गं." तिने कप्पीवरच्या दोराला हात लावला, जिथे तिच्या बापाच्या हाताने तो गुळगुळीत झाला होता, आणि घरी जाऊन नळाच्या पाण्याने अंघोळ केली. हंड्यातलं पाणी भावजयीने मांडवाच्या खांबाशी ओतून टाकलं.

लग्नात मी तिला वेदीपर्यंत नेणार होतो. ऐनवेळी ती आईचा हात धरून गेली. फोटोत मी डाव्या बाजूला आहे, नवा सूट घालून.

दुसऱ्या आठवड्यात मी चावी घेऊन तिच्या सासरी दहिसरला गेलो. म्हणालो, "ही तुझी आहे. माझी लायकी नाही." बोलताना मला स्वतःचं बोलणं फार नम्र वाटत होतं.

तिने चावी हातात घेतली नाही. "असं नाही चालणार, काका. हे पण हात वर करणंच झालं ना? चावी तुझ्याकडेच राहू दे."

मी पंपवाल्याला गाठलं. तो पहिल्याच फोनला आला. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसलो, तेव्हा कुठे त्यांनी बाजूने पत्रे मारले. आणि गाळ काढायला भावासारखा स्वतः आत उतरलो. कंबर दुखली, पण गेली नाही. पाणी निवळून पिण्याजोगं व्हायला पुढचा पावसाळा जावा लागला. तपासून घेतलं, मग चाखलं. मचूळ. मी कठड्यावर बसून पोटभर रडलो.

त्याच रविवारी एक बाटली भरून दहिसरला नेली. पुतणीने दार उघडलं, चहा टाकला, नवऱ्याला हाक मारली. मी बाटली ओट्यावर ठेवली आणि सांगितलं कुठली ते. तिने बाटली उजेडात धरून पाहिली. मला वाटलं आता पिईल. तिने ती परत ओट्यावर ठेवली आणि चहा गाळू लागली.

"पुढच्या वर्षी पण आण," ती म्हणाली. "मग बघू."