बुटांचं मी बघतो

यशपाल तायडेला कुणाच्याही घरी विनाकारण जाता येत नाही. अकोल्यात होता तेव्हाही यायचं नाही. मित्राकडे जायचं तर हातात परत द्यायचं पुस्तक हवं, मावशीकडे जायचं तर आईनं डबा भरून द्यायला हवा. काम असलं की हा माणूस दोन-दोन तास बसेल, दोनदा चहा घेईल, वर आग्रहाशिवाय जेवेलसुद्धा. काम नसलं की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरेल. असल्या स्वभावाच्या माणसानं घटस्फोटाच्या भानगडीत पडू नये. पुढे पोटच्या पोरीकडे जायलाही निमित्त शोधावं लागतं.

त्याचं आणि क्रांतीचं भांडण असं कधी झालंच नाही. भांडी आपटली नाहीत, नातेवाइकांना फोन गेले नाहीत. पटेनासं झालं, आणि दोघांनी ते ऑफिसातली मीटिंग आटपावी तसं आटपलं. क्रांतीला बर्लिनच्या एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली, ती सहा वर्षांच्या धम्मदीपाला घेऊन तिकडे गेली. यशपाल जर्मनीतल्या त्यांच्या जुन्याच गावी, कार्ल्सरूहेला राहिला, विजेच्या मीटरचं सॉफ्टवेअर लिहीत. पोरीला भेटायला कुणाची आडकाठी नव्हती. "केव्हाही ये," असं क्रांतीनं मनापासून सांगितलं होतं. पण यशपालला केव्हाही ये म्हणणं म्हणजे येऊच नको म्हणण्यासारखं होतं.

तरी पहिल्या वर्षी तो तीन-चारदा गेला. साडेपाच तास ट्रेननं जायचं आणि क्रांतीच्या स्वयंपाकघरात कोट मांडीवर घेऊन बसायचं. दीपाचा ज्युडोचा क्लास असायचा, नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस. ती बिचारी दारातून हात हलवून जायची. मग क्रांती आणि तो हवेबद्दल बोलायचे. जर्मनीत हवेबद्दल बोलायला पुष्कळ असतं, तरी ते अर्ध्या तासात संपतं. हळूहळू त्याचं जाणं थांबलं आणि रविवारचा फोन राहिला. दीपाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. कशी आहेस? गुट, म्हणजे छान. शाळा? गुट. जेवलीस? जा, म्हणजे हो. फोन ठेवल्यावर यशपाल भांडी घासायचा. एकट्याची भांडी, ती किती असणार? पण तो ती दोनदा घासायचा.

आणि मग दोन हजार चारच्या शरदात बूट आले.

झालं असं की दीपाच्या मैत्रिणीचं कुटुंब हिवाळ्यात शनिवार-रविवारी झेक सरहद्दीजवळच्या डोंगरात जायचं. त्यांनी दीपाला एकदा सोबत नेलं. तिथे पोरगी स्नोबोर्डवर चढली. एकाच फळीला दोन्ही पाय बांधायचे आणि बर्फावरून घसरत खाली यायचं, असा तो खेळ. पडली, रडली, आणि पुन्हा न्या म्हणून मागे लागली. भाड्याच्या बुटांनी तेवढ्या टाचा सोलून निघाल्या होत्या. क्रांतीला थंडीचाच तिटकारा. तिनं यशपालला फोन करून विचारलं, यातलं मला ओ की ठो कळत नाही, तू बघशील का? मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत वाढलेला हा गडी. त्यानं बर्फाची फळी जन्मात पायाला लावली नव्हती. पण तो अशा उत्साहानं हो म्हणाला की ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून पाहिलं.

महिनाभरानं क्रांतीनं सहज सुचवलं, की ऑक्टोबरात यायला जमलं नाही तर मी इथेच घेऊन टाकते. त्यावर हा मवाळ माणूस पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "बुटांचं मी बघतो. तू त्यात पडू नकोस." फोन स्पीकरवर होता आणि दीपा तिथेच गृहपाठ करत होती, हे त्याला कुठे माहीत?

त्यानं अभ्यास केला, बोर्डाच्या परीक्षेला केला नसेल असा. बुटात पाय घातला की टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. दोऱ्या आवळल्यावर ताठ उभं राहिलं की बोटं पुढे निसटती टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. चवड्यांवर उभं राहिलं तरी टाच आत उचलली जाता कामा नये. बूट सैल असला तर पाय वळतो आणि फळी वळत नाही. बर्लिनच्या शोनेबर्ग भागातल्या एका इमारतीच्या मागच्या अंगणात एक जुनं दुकान होतं. ते चालवणाऱ्या फ्राऊ क्रूगर, म्हणजे क्रूगरबाई, साठीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. येणारा प्रत्येक बाप पोराचा पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठा मागतो आणि त्यांचं डोकं खातो. यशपालच्या आईनंही त्याला जन्मभर वाढत्या अंगाचे कपडे घेतले होते. शर्ट अंगाला बरोबर बसेपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. पण यशपाल म्हणाला, आज अगदी नेमका बसेल तोच द्या. फ्राऊ क्रूगर खूश झाल्या. गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी त्यालाच दीपाच्या पायात बूट चढवू दिले.

पुस्तकाप्रमाणे हे बरोबरच होतं. पण पुस्तकाखाली यशपालचा दुसराच हिशेब होता. दर सप्टेंबरात दीपानं स्वतःचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढलेली आकृती क्रांती पोस्टानं पाठवायची. त्या आकृत्या तो जाड फायलीत लावून ठेवी. वर्षाला पाय साधारण दीड नंबरानं वाढत होता. म्हणजे ऑक्टोबरात नेमका बसलेला बूट मार्चपर्यंत कसाबसा पुरणार आणि पुढच्या ऑक्टोबरात नवा लागणार म्हणजे लागणारच. ही चलाखी त्यानं कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही धड सांगितली नव्हती. पण बूट चढले की त्याला पुढच्या वर्षाचं तिकीट काढल्यासारखं वाटायचं.

कारण ऑक्टोबरातला तो एकच दिवस वर्षात त्याचा होता. घरचे सगळे त्या सुमाराला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. गर्दीतून बहिणीचा फोन यायचा, काही ऐकू यायचं नाही, जयभीम तेवढा कळायचा. यशपाल तेव्हा बर्लिनच्या ट्रेनमध्ये असायचा. दुकानात तो गुडघ्यावर बसून दीपाचा पाय हातात घ्यायचा. पोरगी आता जवळ घेण्याच्या वयाची राहिली नव्हती, पण बुटाचं माप घेताना पाय धरला तर कोण काय म्हणणार? ती वीस मिनिटं त्याला वर्षभर पुरवायची असत. मग दोघं बटाट्याचे फ्राइज खायची आणि तो पाचच्या गाडीनं परत.

दोन हजार आठ साली दीपा अकरा वर्षांची होती आणि त्याच्या खांद्याला लागत होती. दुकानात शिरल्यावर ती मोजा काढेना. फ्राऊ क्रूगरनी सांगितलं की हा जाड मोजा चालणार नाही, पातळ घालून माप घेऊ. तरी ती पाय मागेच घेत राहिली. शेवटी यशपालनंच हसत हसत मोजा ओढला.

डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं होतं. खालून नवं अर्धंच आलं होतं, वेडंवाकडं. उजव्याचंही तेच.

फ्राऊ क्रूगरनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कधीपासून असं विचारलं. दीपानं सांगून टाकलं. फेब्रुवारीत शेवटी शेवटी बूट घट्ट होतात. दर वर्षी होतात. गेल्या हिवाळ्यात नखंच निघाली. रक्त आलं होतं, पण ती मोजे हॉटेलात धुवायची.

पाय अजून यशपालच्या हातातच होता.

"आणि मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तेव्हा ऑक्टोबर नव्हता ना," ती जर्मनमध्ये म्हणाली. आवाजात राग नव्हता, शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. "तू बुटांसाठी ऑक्टोबरमध्ये येतोस."

आईला तरी सांगायचंस, असं तो पुटपुटला. त्यावर ती म्हणाली की बुटांचं तू बघतोस, आईनं त्यात पडायचं नाही, तूच तर म्हणाला होतास.

बुटांसाठी नाही गं बाई, तुझ्यासाठी येतो, एवढं साधं वाक्य होतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण ते खरं मानायला पोरीपाशी पुरावा काय होता? चार वर्षं, चार खोकी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल रिकामा राहिला असता तर परवडलं असतं, पोरीची नखं गेली होती. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

फ्राऊ क्रूगरनी आत जाऊन एक नवं खोकं आणलं. याच वर्षी आलेला प्रकार होता. आतल्या मऊ बुटाखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक जाड थर असतो. आज पाय नेमका बसतो, आणि वाढला की तो थर काढून टाकायचा, बूट दोन नंबरांनी मोठा होतो. हा हिवाळा जाईल, पुढचाही जाईल, असं त्या म्हणाल्या. आणि या नेमक्या मापवाल्या बापाकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

पुढचाही जाईल म्हणजे काय, हे यशपालला हिशेब न करता कळलं. पुढच्या ऑक्टोबरात त्याला बर्लिनमध्ये कुणी विचारणार नव्हतं. तो म्हणाला, "हेच द्या."

त्यानं टाच आपटून बसवली, दोऱ्या आवळल्या, तिला उभं केलं, वाकवलं, चवड्यांवर चढवलं. टाच हलली नाही. घाई करू नये असं त्याला फार वाटत होतं, पण बूट चांगला होता आणि माप लवकर झालं. दीपानं आत बोटं हलवून पाहिली आणि ती हसली.

बाहेर अंगणातल्या बाकावर बसून त्यानं तिला थर काढायला शिकवलं. आतला बूट कसा ओढायचा, नमदा कुठून धरायचा, परत बसवताना सुरकुती कशी पडू द्यायची नाही. तिच्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्या वेळी तिनं त्याच्याकडे न बघताच केलं.

"बोटं टेकायला लागली की मला फोन कर हं," तो म्हणाला.

"कशाला? मला येतं की आता."

तेही खरंच होतं. ती खोक्याचं झाकण बसवत होती आणि यशपाल नुसता बघत होता. पाचच्या गाडीला अजून वेळ होता.

"मी मार्चमध्ये येईन म्हणतो," तो म्हणाला.

"मार्चमध्ये? मार्चमध्ये काय आहे?"

"काही नाही."

दीपानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मोठी माणसं काहीतरी लपवत असली की मुलं बघतात तसं. काही सापडलं नाही म्हणून ती विचारात पडली. मग म्हणाली की आधी घरच्या कॅलेंडरवर लिहावं लागेल, नाहीतर आई दुसरं काहीतरी ठरवते.

"पण लिहू काय?" तिनं विचारलं.

"पप्पा," यशपाल म्हणाला. "नुसतं पप्पा लिही."