कोऱ्या पाण्याची बाटली

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. भुताखेताची बातमी आली की सरळ टोपलीत टाकायचो. आजही टाकेन. त्यामुळे हे लिहिताना जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहितो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही जवळच्या क्वात्र बॉर्न गावात राहायचो. धाकटी बहीण शीला पाणीखात्यात होती. वरच्या पठारावरचा एक जलाशय उन्हाळ्यात शेवाळाने हिरवा पडायचा. त्याला मिळणाऱ्या तीन ओढ्यांतून किती खत वाहून येतं, याचं गणिती मॉडेल ती बनवत होती. पण तिन्ही ओढ्यांतलं खत मिळूनही एवढं शेवाळ पोसलं जाईना. तिचे साहेब म्हणाले, कमी पडणारं खत काठावरच्या भाजीमळ्यांच्या नावावर टाका. तसं झालं तर काठावरची शेती बंद होणार होती. त्यात आमच्या काकांचा मळाही होता.

"पुराव्याशिवाय नाही टाकणार," शीला म्हणाली.

नमुने घेताना ती शुद्ध पाण्याची एक सीलबंद बाटलीही सोबत न्यायची. तिला 'कोरी' म्हणायचे. ती न उघडता परत आणायची, म्हणजे नमुन्यांत वाटेत काही मिसळलं नाही हे कळतं. ही कोरीच हिरवी होऊ लागली!

एका रविवारी मी बरोबर गेलो. भर दुपार. बाटली माझ्या हातात, सील शाबूत. उसाच्या शेतांमधल्या वाटेवर एक जुनी मोरी, म्हणजे छोटा पूल, लागते, खाली कोरडा खड्डा. मोरी ओलांडली... आणि बाटलीतलं पाणी हिरवं झालं. शेवाळ वाढायला दिवस लागतात. इथे दहा पावलंही झाली नव्हती.

पुढे मळ्यात काकांना दाखवलं.

"आयो! ह्यात काय घातलंस गं?"

"काही नाही, काका. मोरीखाली कधी पाणी वाहायचं का?"

"माज्या बापानं पन न्हाय पाह्यलं."

"मग हे कुठून आलं?"

"पा कोने! मला काय ठावं? सरकारात तू हायस का मी?"

पुढच्या रविवारी ती दुसऱ्या वाटेने गेली. कोरी स्वच्छ राहिली. त्याच दिवशी परत येताना मोरीवरून आणली, तर हिरवी.

मी म्हटलं, "मोरीचा चौथा ओढा धर. गणित जुळेल, मळाही वाचेल."

"जिथे पाणीच वाहत नाही, तिथला प्रवाह किती लिहू, दादा? काकांसाठीही खोटा आकडा लिहिणार नाही."

तिने गणितातली तूट तशीच ठेवली आणि पुढे लिहिलं — 'उगम अज्ञात'. साहेबांनी अहवाल दोनदा परत पाठवला. दोन्ही वेळा तिने तेच शब्द ठेवून सही केली. शेवटी तो तसाच वर गेला, आणि अज्ञात उगमावर बंदी घालता येत नसल्याने मळे राहिले.

काकांनी 'अज्ञात'चा अर्थ विचारला. शीलाने बेटावरच्या क्रेओल बोलीत सांगितला, "पा कोने."

"आयो," काका हसले, "हे तर मी पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं!"

मी नंतर अनेक रसायनतज्ज्ञांना विचारलं. त्यांच्याकडेही याहून वेगळं उत्तर नव्हतं.