सानिकाचं दुसरं कार्ड

“साडेचार हजारांचे शूज? मॅडम, गरीब ही मुलं आहेत की आपण?”

सरांनी ख्रिसमस ट्रीवरचं कार्ड तोडून माझ्या टेबलावर टाकलं आणि हसले. मीही हसले. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

सातिवलीत आमची प्लास्टिकची झाकणं बनवणारी कंपनी. मी तिथे एचआर. सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचं काम, तेही माझ्याच गळ्यात. दर नाताळला आचोळ्याच्या एका शाळेतली मुलं कार्डावर लिहितात: नाव, काय हवं, का हवं. कार्डं रिसेप्शनच्या झाडाला लावायची. स्टाफपैकी ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यायचं.

सातवीतल्या सानिकाने लिहिलं होतं, ‘फुटबॉलचे स्टड्स, चार नंबर. टीमच्या सिलेक्शनला लागतात.’ स्टड्स म्हणजे तळाला खुंट्या असलेले शूज. पुढे ब्रँड, मॉडेल, सगळं व्यवस्थित.

“आज हे दिलं की उद्या सगळे आयफोन मागतील,” सर म्हणाले. “बदलून आणा.”

बदलायला सरांनी सांगितलं, हे खरंय. पण शाळेत जाऊन त्या पोरीला वर्गाबाहेर बोलावलं ते मी.

“बाळा, मागताना थोडा विचार करावा. लोक पगारातून देतात. इतका हावरटपणा बरा दिसतो का?”

हा शब्द मी वापरला. बारा वर्षांच्या मुलीला! सिलेक्शन कधी, कसलं, काही म्हणजे काही विचारलं नाही.

तिने मान खाली घातली. “मग काय लिहू, मॅडम?”

“बॅग लिही. बॅग कधीही उपयोगी पडते.”

तिने लिहिलं. जुनं कार्ड मी पर्समध्ये कोंबलं.

दोन दिवसांनी फ्रान्सिस अंकल आले. नंदाखालचे, आमचे क्वालिटी इन्स्पेक्टर, रिटायरमेंटला टेकलेले. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवतात.

“मॅडम, ते स्टड्सचं कार्ड कुठे गेलं? घरी विचारून घेतो म्हटलं, तर झाडावर नाहीच.”

पर्स माझ्या मांडीवरच होती. कार्ड काढून दिलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मग ते उतरवलं कुणी, का, सगळंच निघालं असतं.

“अहो अंकल, तिनेच बदललं. तिला आता बॅग हवीय.”

“असं? बॅग तर बॅग.” त्यांनी ते कार्ड घेतलं.

पार्टीच्या दिवशी कॅन्टीनमध्ये केक, सांता, फोटो. अंकलनी भारीतली बॅग आणली होती. देताना सहज विचारलं, “काय गं, फुटबॉल सोडलास की काय? शूज नको झाले?”

मी शेजारीच उभी होते. सानिकाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “नाही अंकल. मलाच बॅग पाहिजे होती.”

तिने मला वाचवलं. आणि मी, निर्लज्जासारखी, वर मानही डोलावली.

तिची आई न्यायला आली होती. “बॅग मस्त आहे, मॅडम. घरी चार आहेत, सगळे बॅगच देतात ना. ही टिकेल पण.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “शूजचं मीच तिला बोलले होते, मोठी कंपनी आहे, विचारून बघ. चुकलं आमचं. तसं पण सिलेक्शन शनिवारी झालं. शूज नव्हते, ही गेलीच नाही.”

माफी ती मागत होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर मी अंकलपुढे पहिलं कार्ड ठेवलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं.

“ती तुमच्याकडे बघून बोलली, तेव्हाच कळलं मला,” ते म्हणाले.

त्यांनी स्टड्स घेतले. चार नाही, पाच नंबरचे. पुढच्या वर्षी होतील म्हणून. मी म्हटलं, “द्यायला मीही येते.”

“नको, मॅडम. तुम्हाला बघून तिला उगाच थँक्यू म्हणावं लागेल.”

मी गेले नाही.

यंदा कार्डावर ‘का हवं’ ही ओळ मी ठेवलेली नाही. माझ्या मुलाने स्मार्टवॉच मागितलं तेव्हा त्याला कुठे विचारलं होतं? सर म्हणाले, “महागडं मागतील हां.” म्हटलं, मागू देत. नाही म्हणायचं असेल तर ते आपण म्हणू. त्यांच्या हातून लिहून घ्यायचं नाही.