डोळ्यांत बघून

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला, माझ्या खोलीखाली एक क्नाइप आहे, म्हणजे आपला गल्लीतला बिअरबार. तिथे दर शुक्रवारी एक सत्तरीचे गृहस्थ मला हाक मारून समोर बसवायचे. त्यांनी कधी नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी पीएचडी रखडलेली, तरी ते मला ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचे. ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नाहीतर सात वर्षं वाईट जातात, हे त्यांनीच मला दटावून शिकवलं.

मतं अगदी ठाम. बिअर फक्त त्यांच्या गावची. बव्हेरियाची म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. जवळच्या हवाई तळावरचं अमेरिकन विमान डोक्यावरून गेलं, की फेस उडून जाईल अशा थाटात ग्लासावर तळहात ठेवायचे. अमेरिकेतल्या कुठल्याही बातमीवर त्यांचं एकच उत्तर असे, “आल्झो, हेही जाईल. तुम्ही प्या.” आल्झो म्हणजे आपलं ‘हं, तर’.

मला ते ऐकून खरंच बरं वाटायचं.

मग आमच्या बसस्टॉपवर पोस्टर लागलं: परदेश्यांना परत पाठवा. शुक्रवारी मी त्यांना विचारलं, आता काय होणार?

“आल्झो, हेही जाईल,” ते सवयीने बोलून गेले. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला.

“माझे आजोबा हेच म्हणायचे,” ते हळूच म्हणाले. “हिटलर आला तेव्हा. याच बाकावर बसून.”

मी ग्लास पुढे केला. त्यांनी आपला ग्लास त्याला लावला, पण माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.