इनेसकाकूंचा घोगरा आवाज

पल्लवीताईंचं नाव आधी लिहिते. अकोल्याला जठारपेठेत त्या आईसोबत राहतात, घरी बसून एका कंपनीसाठी स्पॅनिश कागदांचं भाषांतर करतात. त्यांनी माझ्यासाठी, म्हणजे खरं तर आमच्या काकूंसाठी जे केलं, ते रक्ताचं माणूससुद्धा करत नाही. काय केलं ते पुढं सांगतेच. पण आमच्या बापानं शिकवलं होतं, ज्यानं हात दिला त्याचं नाव आधी घ्यावं, आपलं रडगाणं मग. मी आठवी करून शाळा सोडलेली बाई आहे. चुका होतील, सांभाळून घ्या. पेपरच्या पुरवणीच्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही बोलता तसंच लिहा, म्हणून हिंमत केली.

तर... इनेसकाकू गेल्या महिन्यात गेल्या. अमरावतीला, कॅम्पातल्या त्यांच्या घरी, सकाळी, मी त्यांची वेणी घालत होते तेव्हा. फणी केसांतच होती आणि मान माझ्या हातावर कलंडली. पहिला फोन राजूभाऊंना करायला पाहिजे होता. ते त्यांचे पुतणे, दाराची चावीसुद्धा त्यांच्याचजवळ. पण माझं बोट पल्लवीताईंच्या नावावर गेलं. "ताई, काकू गेल्या," एवढंच बोलता आलं. त्या म्हणाल्या, "सुनंदा, आपला फोन वेळेवर गेला वं." हे वाक्य दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. ते कळावं म्हणूनच हे लिहून राहिले.

काकू मूळच्या स्पेन देशाच्या. तिकडे उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात त्यांचे वडील धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारायचे, आणि काकूंनी आवाज बापाचा घेतला होता... जाड, घोगरा, दोन घरं पलीकडं ऐकू जाणारा. चेहरा मात्र असा, की सतराव्या वर्षी माद्रिदला एका सिनेमावाल्यानं रस्त्यात थांबवून विचारलं, सिनेमात येतेस का? पहिल्या तीन सिनेमांत त्या मोलकरीण होत्या. "एकात चिठ्ठी आनून देल्ली, एकात कॉफी, आन् तिसऱ्यात पुन्हा चिठ्ठी," असं सांगायच्या. मग नायिकेची बहीण झाल्या, आणि शेवटी दोन-तीन सिनेमांत स्वतः नायिका. कपाटात एक फोटो होता, अख्ख्या इमारतीएवढ्या पाटीवर काकूंचा चेहरा आणि खाली मुंगीएवढी माणसं. पण तिकडे तेव्हा अशी रीत होती, की सिनेमात आधी नुसतं चित्र घ्यायचं आणि आवाज नंतर स्टुडिओत बसून भरायचा. ज्याचा चेहरा त्याचाच आवाज, असं काही नव्हतं. काकूंना सांगितलं गेलं, "तुझा चेहरा देवळातल्या मूर्तीचा आहे आणि आवाज कोळणीचा." म्हणून प्रत्येक सिनेमात काकूंच्या तोंडातून दुसऱ्याच एका बाईचा बारीक, गोड आवाज यायचा. एकदा दुकानात कापड मागितलं, तर दुकानदारीण म्हणाली, अगदी त्या नटीसारख्या दिसता हो तुम्ही, फक्त तिचा आवाज किती गोड आहे! काकू हे सांगून स्वतःच हसायच्या. "मी म्हनलं, हो नं बाई, मलेबी तिचाच आवाज आवडते!"

काकाजी, म्हणजे काकूंचे यजमान, अकोल्याचे; मी यायच्या आधीच ते वारले. घरची अकोटला कापसाची जिनिंग फॅक्टरी, म्हणून सूतगिरणीच्या मशीनचं शिकायला ते बार्सिलोनाला गेले होते. काकूंचा शेवटचा सिनेमा त्याच गावात झाला, आणि दोघं एकाच घरात भाड्याच्या खोल्यांत राहायचे, काकाजी वर, नवीनच आलेले, काकू खाली. काकाजींनी काकूंचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. जिन्यात कुणाशी तरी भांडतानाचा आवाज त्यांनी ऐकला आणि चेहरा दिसायच्या आधीच मनात ठरवून टाकलं, असं ते सगळ्यांना सांगायचे म्हणे. मी विचारलं, काकू, भांडण कोणाशी होतं? तर म्हणायच्या, "घरमालकिनीशी वं. गरम पान्यासाठी." लग्न करून त्या अकोल्याला आल्या, पुढं अमरावतीला घर केलं, सिनेमा सुटला तो सुटलाच. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, इतकं सगळं सोडून इकडे कशा राहिल्या? त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा भाजीबाजारात गेली, तं साऱ्या बाया माह्याच आवाजात बोलून राहिल्या होत्या. मी म्हनलं, झालं, हेच आपलं गाव."

मी पातूरच्याही पुढची. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच फोटोखाली बसून मी "आता शाळा नको" म्हटलं. त्या वाक्याची लाज अजून जात नाही. पुढं बार्शीटाकळीकडे लग्न, आणि तिथून निघून येणं... ते इथं लिहीत नाही. सासर सुटलेलं, माहेरी तोंड दाखवायचं नाही, अशी मी अमरावतीत एका नर्सिंग ब्युरोच्या बाकावर बसून होते, तिथून राजूभाऊंनी मला काकूंकडे आणलं. नाव काय, असं काकूंनी विचारलं. मी हळूच सांगितलं. "काहून कुजबुजून राहिली वं? कोनी मेलं का घरात?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. पाच वर्षं राहिले त्यांच्याजवळ. जोरात बोलायला मी त्या घरात शिकले.

मागच्या वर्षी त्यांची मराठी जायला लागली. एकदम नाही. आधी भाज्यांची नावं गेली, वांग्याकडे बोट दाखवून "ते जांभळं" म्हणायच्या. मग माझं नाव गेलं. मग एका सकाळी चहा दिला, तर त्या बोलल्या ते सगळं स्पॅनिशच, आणि मला कळत नाही याचा त्यांना राग आला. डॉक्टर म्हणाले, या विसरायच्या आजारात मागून शिकलेलं आधी जातं, आईची भाषा तेवढी उरते. त्यांच्या आईच्या भाषेचा मला एक शब्द येत नव्हता. एक दिवस मी वाळवण काढायला गच्चीवर गेले, तेवढ्यात काकू गाऊनवरच घराबाहेर पडल्या आणि पार इर्विन चौकात जाऊन उभ्या राहिल्या. ट्रॅफिक पोलिसानं आणून सोडलं. त्या दिवशी मीच राजूभाऊंना म्हटलं, भाऊ, चॅनल गेटला बाहेरून कुलूप लावत जा आणि चावी आत ठेवू नका, त्या शोधून काढतात. भाऊ म्हणाले, "अन् तू? तुले काही लागलं तं?" मी म्हटलं, मला काय लागते? फोन आहे नं. काकूंवर जीव होता त्यांचा, त्यांना दोष नाही. पुढं दोन महिन्यांनी काकू मोरीत पडल्या, खुबा मोडला, चाकाच्या खुर्चीत आल्या. आता चालून कुठं जाणार होत्या? पण कुलूप सवयीनं लागत राहिलं. भाऊ सकाळी अकोटला फॅक्टरीत जाताना लावायचे, संध्याकाळी येऊन काढायचे. आता ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

रोज दुपारी चारच्या सुमारास काकू खुर्ची दाराकडे करायला लावायच्या, मांडीवर पर्स घ्यायच्या आणि मला विचारायच्या, "ओय मे तोका?" रोज तेच. मला वाटायचं, दार उघड म्हणतात. मी म्हणायची, भाऊ आले की उघडू हं. मग त्या माझ्याकडे अशा बघायच्या... पाच वर्षं जिनं न्हाऊ घातलं, ती त्यांच्या नजरेत पहारेकरीण झाली होती. आणि कुलूप तर मलाही बाहेरूनच होतं. गजातून समोरचा कडुलिंब आणि रस्त्याचा एक तुकडा दिसायचा, तेवढं आम्हा दोघींचं जग.

मग माझ्या हातून ती चूक झाली. मला वाटलं, स्वतःची भाषा, स्वतःचा आवाज ऐकला तर जीव शांत होईल. मोबाइलवर त्यांचा तो शेवटचा सिनेमा कुणीतरी टाकलेला सापडला. मी तो त्यांच्यासमोर धरला. चेहरा दिसल्याबरोबर खुलल्या, बोटानं स्वतःचेच गाल दाखवायला लागल्या. पण पडद्यावरच्या काकूंनी तोंड उघडलं आणि तो बारीक, गोड आवाज आला... काकूंनी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला. जसं काही कुणी तिथून आवाज ओढून नेला. फोन भिरकावला आणि इतक्या ओरडल्या, की शेजारची माणसं गेटपाशी जमली. दुकानदारिणीची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, हसले होते, आणि तरी मला हे सुचलं नाही! दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. राजूभाऊंना काय सांगू, काढून टाकलं तर कुठं जाऊ, हीच धास्ती. आणि मी जिला आई मानलं तिला मीच मारून राहिले का, ही दुसरी.

तेव्हा पल्लवीताई आठवल्या. दोन वर्षांपूर्वी स्पॅनिश बोलायची सवय व्हावी म्हणून त्या अकोल्याहून एकदा आल्या होत्या. काकूंनी त्यांना पिठलं-भाकर खाऊ घातली आणि प्रत्येक वाक्याला टोकलं होतं. त्यांचा नंबर काकूंच्या डायरीत होता. फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि कित्येक महिन्यांनी काकूंना कुणीतरी त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. काकू बोलतच राहिल्या. शेवटी ताई मला म्हणाल्या, "दार उघड नाही म्हणत त्या. 'आज माझा नंबर का?' असं विचारतात." आणि मग सगळं सांगितलं. शेवटच्या सिनेमाच्या वेळी कबूल केलं होतं, की यावेळी तुझाच आवाज घेऊ, स्टुडिओतून फोन येईल, घरीच थांब. फोन घरमालकिणीचा, जिन्यात भिंतीला लावलेला. काकू तीन आठवडे घराबाहेर पडल्या नाहीत, न जाणो आपण बाहेर आणि फोन आला तर! फोन आलाच नाही. सिनेमा लागला तो त्याच गोड आवाजात. तेव्हा काकूंनी स्वतः स्टुडिओला फोन लावला आणि जिन्यात उभ्या राहून भांडल्या... काकाजींनी ऐकलं ते हे भांडण. गरम पाण्याचं नव्हतं. आयुष्यभर काकूंनी ते हसण्यावारी नेलं होतं, आणि आता बाकी सगळं पुसून गेल्यावर त्या त्याच घरात, त्याच फोनपाशी बसल्या होत्या.

ताई म्हणाल्या, आपण बोलावू त्यांना. मी घाबरले. म्हटलं, ताई, हे खोटं नाही का? "खोटं ते लोक बोलले होते," ताई म्हणाल्या. "आपण फक्त उशिरा फोन करून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी अकोल्याहून फोन केला, स्टुडिओतल्या बाईसारखा. आज चार वाजता या, तुमचा नंबर आहे. काकूंनी मला खुणेनं फणी मागितली. पावडर मागितली. निळी साडी काढायला लावली. दोन वाजेपासून खुर्चीत ताठ बसून होत्या. ताई एसटीनं आल्या आणि गेटपाशी आल्यावर मला कुलूप आठवलं! इतका विचार केला आणि हेच राहिलं. राजूभाऊंना फोन केला तर मागं जिनिंगचा आवाज, "संध्याकाळशिवाय निघनं होत नाही वं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. ताई म्हणाल्या, "राहू दे." त्या बाहेर पायरीवर उन्हात बसल्या. मी काकूंची खुर्ची गजाला टेकवली. ताईंनी एका फोनवर आवाज बंद करून तो सिनेमा लावला आणि तो गजातून काकूंसमोर धरला, दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग. पडद्यावरच्या पोरीचे ओठ हलायला लागले आणि काकूंनी त्या ओठांत आपला आवाज भरला. वाक्यं पाठ होती! माझं नाव विसरलेल्या बाईला साठ वर्षांपूर्वीची वाक्यं पाठ होती. कुठं मागं राहायच्या, कुठं चुकायच्या, की हात वर करून म्हणायच्या, "ओत्रा वेस," म्हणजे पुन्हा एकदा. आणि ताई पुन्हा मागं घ्यायच्या. असं तासभर चाललं. त्यानंतर काकूंनी चार वाजताचं विचारणं सोडलं. अकरा दिवसांनी गेल्या.

आता ब्युरोनं मला पुण्याला पाठवलं आहे. बाराव्या मजल्यावर एका आजोबांजवळ असते. खिडकीला जाळी आहे, खाली माणसं मुंगीएवढी दिसतात. मी तोंड उघडलं की घरातली सून म्हणते, "जरा हळू बोलता का मावशी, आणि नीट." पहिल्या आठवड्यात मी पुन्हा कुजबुजायला लागले होते. चार वाजता आजोबा झोपले, की मी कानात वायर घालून ते रेकॉर्डिंग लावते. स्पॅनिश मला अजून येत नाही. पण त्यात आमच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, कडुलिंबावरचे कावळे आहेत, माझं नाक ओढणं आहे. आणि अगदी शेवटी, ताई फोन बंद करायला जातात तेवढ्यात, काकूंचा आवाज येतो, मराठीत. कुठून परत आली ती भाषा, माहीत नाही. ताईंना म्हणतात, "काहून वं पोरी, उन्हात काहून बसली? आत ये नं." पुढं काही नाही. थोडा वेळ कुलूप हलवल्याचा आवाज आहे. तो माझा हात.

पल्लवीताई, तुमच्या आईचे गुडघे दुखतात असं तुम्ही त्या दिवशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या. देव करो त्यांना काही न होवो. पण कधी माणूस लागलं, तर ब्युरोत जाऊ नका, मला फोन करा. मी जिथं असेन तिथून येईन. दाराला कुलूप लावणार नाही, उंबऱ्यात मी स्वतः बसेन. आणि त्या सगळं विसरल्या आणि शेवटी आईची भाषा तेवढी उरली, तरी घाबरू नका. ती मला येते.